मतदार नोंदणीच्या स्वयंसेवकांना आधी अर्ज शिकवा

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

२५ जानेवारीचा राष्ट्रीय मतदार दिन जवळ आला की महाविद्यालयांत, गृहनिर्माण सोसायट्यांत, मंडळांच्या कार्यालयांत मतदार नोंदणीची शिबिरे लागतात. एक टेबल, एक फलक, कोऱ्या अर्जांचा गठ्ठा आणि उत्साहाने बसलेली पाच-सात मुले-मुली. संध्याकाळी आकडा जाहीर होतो : आज इतके अर्ज भरून घेतले. त्यांतली किती नावे यादीत आली, हे मात्र कोणी मोजत नाही. भरलेला अर्ज आणि यादीत आलेले नाव यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत आणि त्या पायऱ्या त्या मुलांना कोणी दाखवलेल्याच नसतात. त्यांनी लोकशाहीवर भाषण ऐकलेले असते, पण नमुना ६, म्हणजे पहिल्यांदा नाव घालण्याचा अर्ज, समोर ठेवून एकेक रकाना त्यांना कोणी समजावून दिलेला नसतो. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात नेमके काय असावे, ते सांगण्यासाठी हे पत्र.

पहिल्याच तासाला एक गोष्ट पक्की व्हायला हवी. स्वयंसेवक कोणाचीही नोंदणी करत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० नुसार यादीत नाव घालण्याचा, नाकारण्याचा आणि वगळण्याचा अधिकार मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा. त्याच्या मदतीला सहायक मतदार नोंदणी अधिकारी, म्हणजे बहुतेक ठिकाणी तहसीलदार, आणि प्रत्यक्ष दारात येणारा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, ज्याला सगळेच बीएलओ म्हणतात. अर्ज नागरिकाचा, सही नागरिकाची, खाली लिहिलेले प्रतिज्ञापनही नागरिकाचे. ते खोटे निघाले तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे ‘काका, तुम्ही निघा, सही मी करून टाकतो’ हे वाक्य टेबलावर कधीही ऐकू येता कामा नये. सही येत नसेल तर अंगठा चालतो. त्यासाठी शाईचे पॅड टेबलावर हवे. अर्जाला पैसे लागत नाहीत, झेरॉक्सचे म्हणूनसुद्धा स्वयंसेवकाने काही घेऊ नये.

दुसरी गोष्ट गठ्ठ्याची. एका माणसाने किंवा संस्थेने आणलेले गठ्ठ्याने अर्ज स्वीकारायचे नाहीत, अशा निवडणूक आयोगाच्या सूचना आहेत. घरातल्या एकाने घरच्यांचे अर्ज एकत्र दिले तर चालते. मान्यताप्राप्त पक्षांनी नेमलेल्या केंद्रस्तरीय प्रतिनिधींना, म्हणजे बीएलएंना, थोडी सवलत आहे, पण तीही मोजून दिलेली : एरवीच्या पुनरीक्षणात, म्हणजे यादी अद्ययावत करण्याच्या काळात, एका दिवसात बीएलओकडे १० पेक्षा जास्त अर्ज नाहीत, पूर्ण मुदतीत ३० च्या वर गेले तर अधिकाऱ्याने फेरतपासणी करायची, आणि सोबत आपण तपशील स्वतः पडताळल्याची लेखी हमी द्यायची. संस्थेच्या स्वयंसेवकाला एवढीही मुभा नाही. तरी दोनशे अर्ज पिशवीत भरून निवडणूक शाखेत नेले जातात, तिथे घेतले जात नाहीत, आणि मग ते कोणाच्या तरी कपाटात पडून राहतात. ज्यांनी ते भरले ते आपले नाव लागले असे समजून निर्धास्त असतात. शिबिराचा याहून मोठा तोटा दुसरा नाही.

यावर उपाय दोनच आणि दोन्ही सोपे आहेत. एक, शिबिराच्या आधी आठ-दहा दिवस निवडणूक शाखेला पत्र देऊन त्या भागाच्या बीएलओंना शिबिरात बसण्याची विनंती करायची. प्रत्येकाने आपला अर्ज त्यांच्या हातात द्यायचा आणि अर्जाच्या तळाशी असलेली पोच फाडून, सही करून घ्यायची. दोन, ज्याचा अर्ज त्याच्या फोनवरून व्होटर्स सर्व्हिस पोर्टलवर भरायचा. ‘ज्याचा अर्ज त्याचा फोन’ हे चार शब्द प्रशिक्षणात फळ्यावर लिहून ठेवावेत. स्वयंसेवकाच्या एकाच लॉगिनवरून आणि एकाच मोबाइल क्रमांकावर पन्नास अनोळखी माणसांचे अर्ज गेले तर ते संशयास्पद दिसतात, आणि अर्जाची स्थिती कळवणारे संदेशही त्या माणसाला न जाता स्वयंसेवकाला येतात. परीक्षा संपली, मुलगा गावी गेला की ते संदेश बघणारे कोणी उरत नाही.

अर्ज हातात घेण्याआधी यादीत नाव शोधायचे. ही पायरी सर्रास गाळली जाते आणि निम्मे घोळ इथे जन्म घेतात. समोर बसलेल्याला तीन प्रश्न विचारावेत : याआधी कुठेही, कधीही तुमचे नाव यादीत होते का? इथे कोणत्या महिन्यापासून राहता? जन्मतारीख काय? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले तरी पोर्टलवर नावाने, ओळखपत्र असल्यास त्याच्या क्रमांकाने आणि मोबाइलने, असे तिन्ही प्रकारे शोधून बघावे. नावाने शोधताना स्पेलिंग बदलून पाहावे, लग्न झालेल्या बाईंचे माहेरचे नावही शोधावे. ओळखपत्राचा क्रमांक तीन अक्षरे आणि सात आकडे असा दहा जागांचा असतो. तिरक्या रेघांचे लांबलचक जुने क्रमांक सापडले नाहीत तर नाव गेले असे लगेच समजू नये, नावाने पुन्हा शोधावे. केंद्रांची फेररचना झाली की भाग क्रमांक (एका केंद्राची यादी म्हणजे एक भाग) आणि अनुक्रमांक बदलतो, म्हणून गेल्या निवडणुकीची चिठ्ठी पुरावा म्हणून पुरेशी नाही. ओळखपत्र खिशात असणे म्हणजे नाव यादीत असणे नव्हे, हेही इथेच सांगावे. कार्ड हरवले आणि नाव यादीत आहे, तर आयोगाने मान्य केलेले दुसरे ओळखपत्र दाखवून मतदान करता येते. कार्ड आहे आणि नाव वगळले गेले, तर करता येत नाही.

नाव कुठेच नसेल, आयुष्यात पहिल्यांदाच नोंदणी असेल, तरच नमुना ६. नाव दुसरीकडे आहे आणि माणूस इथे राहायला आला आहे, तर नमुना ८. नावात, वयात, फोटोत चूक आहे, कार्ड हरवले आहे, अपंगत्वाची नोंद करायची आहे, या सगळ्यांनाही नमुना ८ च. १ ऑगस्ट २०२२ पासून नमुन्यांत बदल झाला आणि पत्ता बदलण्याचा जुना नमुना ८अ बंद झाला. पण शिबिरांत अजूनही दहा वर्षांपूर्वीच्या छापील अर्जांच्या प्रती फिरताना दिसतात. लग्न होऊन आलेली सून आणि नोकरीसाठी शहरात आलेला तरुण, या दोघांना हमखास नमुना ६ भरायला लावला जातो. मग एक तर तो ‘आधीच नोंद आहे’ म्हणून फेटाळला जातो, नाही तर मंजूर होऊन एकाच माणसाचे नाव दोन याद्यांत बसते. कायद्याच्या कलम १७ आणि १८ प्रमाणे एकाच माणसाचे नाव दोन मतदारसंघांत किंवा एका मतदारसंघात दोनदा असू शकत नाही. नमुना ६ वर ‘माझे नाव इतरत्र नाही’ असे सही करून सांगितलेले असते, त्यामुळे चूक स्वयंसेवकाची आणि अडचण त्या सुनेची.

आता पात्रता दिनांक. कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर वर्षात चार आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण हवीत. १५ एप्रिल २००८ ला जन्मलेल्या मुलीला १ एप्रिल २०२६ ला अठरा पूर्ण होत नाहीत. तिचा दिनांक १ जुलै २०२६. १ जुलै २००८ चा जन्म असेल तर तोही १ जुलै २०२६ लाच पात्र. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, नाव मात्र त्यांच्या दिनांकाला लागते. म्हणून महाविद्यालयात ‘अठराच्या आतले उठा’ असे म्हणून कोणाला परत पाठवू नये. प्रशिक्षणात अशा दहा जन्मतारखा देऊन दिनांक काढायला लावावेत. ऐकून समजल्यासारखे वाटते, काढायला बसले की चुका कळतात.

कागदपत्रांबाबत लोक घरातून जे उचलून आणतात आणि अर्जात जे मागितले आहे, त्यांत फरक पडतो. वयासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख असलेले दहावी-बारावीचे प्रमाणपत्र, यांपैकी एक. शाळा सोडल्याचा दाखला आपल्याकडे सगळीकडे चालतो, पण अर्जातल्या यादीत तो नाही. नुसती गुणपत्रिका आणली असेल तर तिच्यावर जन्मतारीख आहे का ते आधी बघावे. पत्त्यासाठी किमान एक वर्षाचे वीज, पाणी किंवा गॅसचे बिल, आधार, बँकेचे किंवा पोस्टाचे चालू पासबुक, पासपोर्ट, महसूल खात्याचा जमिनीचा कागद, म्हणजे आपला सातबारा, नोंदणीकृत भाडेकरार किंवा नोंदणीकृत खरेदीखत. हा कागद स्वतःच्या नावाचा नसेल तर त्याच पत्त्यावर आधीच मतदार असलेले आई, वडील, पती, पत्नी किंवा सज्ञान मूल यांच्या नावाचा चालतो. प्रतींवर अर्जदाराची स्वतःची सही हवी. रेशनकार्ड या यादीत नाही, आणि घरमालकाच्या नावाचे वीजबिलही भाडेकरूच्या कामाचे नाही. अकरा महिन्यांचा करार बहुतेकांकडे असतो, पण अनेकांचा नुसता नोटरी केलेला. अर्जात ‘नोंदणीकृत’ म्हटले आहे, म्हणजे दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला. तो नसेल तर आधी पासबुकावर पत्ता बदलून घेणे हा बहुतेक वेळा जवळचा रस्ता ठरतो.

एकही कागद नसलेल्या माणसाला मात्र परत पाठवू नये. अर्जातच तरतूद आहे : असा अर्ज घेऊन प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करायची. बेघर माणूस रात्री जिथे झोपतो तिथे बीएलओने रात्री जाऊन खात्री करायची असते. पालावर राहणारी भटकी कुटुंबे, पुलाखाली राहणारे मजूर, यांना ‘पत्ता नाही तर मत नाही’ असे सांगून उठवणारा स्वयंसेवक कायद्याच्या विरुद्ध वागत असतो, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो. अशा वेळी जागेची खूण इतकी स्पष्ट लिहावी की नवखा माणूस रात्री नऊ वाजता तिथे पोचेल.

फोटो ४.५ बाय ३.५ सेंटीमीटर, पांढरी पार्श्वभूमी, चेहरा समोरून आणि पूर्ण. डिंकाने चिकटवावा. स्टेपलरची पिन चेहऱ्यावरून गेली की स्कॅनमध्ये डोळ्याच्या जागी काळा ठिपका येतो आणि तोच पुढे कार्डावर छापला जातो. मोबाइलवरून काढलेल्या फोटोत खांद्यामागे दरवाजाची चौकट किंवा कॅलेंडर दिसते, तेही टाळावे. पांढरी चादर भिंतीला लावली की काम भागते.

नावाच्या रकान्यावर प्रशिक्षणाचा निदान एक तास द्यावा. मराठी नावांची खरी वाताहत तिथेच होते. पोर्टलवर नाव इंग्रजीत टाइप केले जाते आणि शेजारच्या चौकटीत मराठी रूप आपोआप उमटते. त्या यंत्राला कुठे ल आणि कुठे ळ, कुठे न आणि कुठे ण, हे इंग्रजी अक्षरांवरून कळण्याची सोय नाही. ‘काळे’ आणि ‘काले’ यांचे स्पेलिंग एकच. ‘बाळू’चा ‘बालू’ होतो, ‘गणपत’चा ‘गनपत’, ‘फडणीस’चे ‘फदनिस’. भरणारा घाईत असतो, इंग्रजी रकाना वाचतो, मराठीकडे बघत नाही, आणि पुढे सरकतो. यादी छापली जाते ती मराठीत. सहा महिन्यांनी काळे आजी आपले नाव ‘काळे’ म्हणून शोधतात, सापडत नाही, पुढच्या शिबिरात त्यांच्याकडून पुन्हा नमुना ६ भरून घेतला जातो, आणि दुबार नावांच्या तक्रारींत आणखी एकीची भर पडते. एका अक्षराने सुरू झालेली ही साखळी आहे. म्हणून नियम असा हवा की मराठी नाव स्वयंसेवकाने मोठ्याने वाचायचे, अर्जदाराने मान डोलावायची, त्यानंतरच पुढचा रकाना. वाचता येणाऱ्याला फोन हातात देऊन त्याच्याच डोळ्यांनी वाचू द्यावे.

नाव आणि आडनाव यांचे रकाने वेगळे आहेत. वडिलांचे किंवा पतीचे नाव नातेवाइकाच्या रकान्यात जाते. पुराव्याच्या कागदावर नाव जसे आहे तसेच लिहावे. लग्नानंतर नाव बदलले आणि कागद माहेरच्या नावाचे असतील तर दोन नावे एकाच बाईंची आहेत हे दाखवणारी विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडावी. लिंगाच्या रकान्यात तृतीयपंथी हा पर्याय आहे. तो अर्जदाराने सांगायचा, स्वयंसेवकाने बघून ठरवायचा नाही. खेड्यात घर क्रमांकाच्या जागी रेघ मारली जाते. त्याऐवजी घरपट्टीच्या पावतीवरचा मालमत्ता क्रमांक लिहावा.

एक रकाना जवळजवळ नेहमी कोरा सोडला जातो : कुटुंबातल्या आधीच्या मतदाराचे नाव आणि त्याच्या ओळखपत्राचा क्रमांक. तो भरला की नवे नाव घरच्यांच्याच यादी भागात बसवणे सोपे जाते. कोरा राहिला तर आई एका शाळेत, मुलगी दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्रावर, असे होते. शिबिराच्या आमंत्रणातच ‘येताना आई-वडिलांच्या कार्डाचा फोटो काढून आणा’ असे लिहावे.

आधारबद्दल स्वयंसेवकांनी लोकांना घाबरवू नये. आधार क्रमांक दिला नाही म्हणून अर्ज नाकारता येत नाही. आधार सक्तीचे नाही असे आयोगाने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले आहे. आणि दिलेल्या कागदांची काळजी घ्यावी. कोणाच्याही आधारचा किंवा पॅनचा फोटो स्वयंसेवकाच्या फोनमध्ये राहता कामा नये, शिबिराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नाही. वाया गेलेल्या झेरॉक्स टेबलाखालच्या खोक्यात टाकून हॉल सोडून जाणे ही आपल्याकडची वाईट सवय आहे. त्या संध्याकाळी फाडून नष्ट कराव्यात.

अर्ज गेल्यावर काय होते, हे अर्जदाराला दोन मिनिटांत सांगता यायला हवे. अर्जाची नोंद होते, बीएलओ घरी पडताळणीला येतो, अर्जाची माहिती हरकतींसाठी जाहीर होते आणि सात दिवस जाईपर्यंत निर्णय देता येत नाही, मग अधिकारी मंजूर किंवा नामंजूर करतो. गळती होते ती बहुतेक दुसऱ्या पायरीवर. बीएलओ म्हणजे बहुधा शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा तलाठी. स्वतःचे काम सांभाळून हे करतात. ते दुपारी येतात, दाराला कुलूप असते, शेजारी म्हणतात ‘इथे असे कोणी राहत नाही’, सोसायटीचा रखवालदार फाटकातूनच परत पाठवतो, आणि शेरा पडतो : पत्त्यावर आढळले नाही. म्हणून अर्जदाराने घरात, शेजारी आणि फाटकावर सांगून ठेवावे, दिलेला मोबाइल चालू ठेवावा, अनोळखी क्रमांक उचलावा. स्वयंसेवक बीएलओला फोन करणार असेल तर शाळेच्या वेळेत करू नये, आणि दहा जणांनी दहा फोन करण्यापेक्षा एकाने एकदा करावा.

प्रत्येक अर्जाला संदर्भ क्रमांक मिळतो. शिबिराची वही त्यासाठीच : नाव, संदर्भ क्रमांक किंवा पोचेची तारीख, आणि तीन कोरे रकाने. पंधराव्या दिवशी स्थिती बघायची, तिसाव्या दिवशी पुन्हा, आणि शेवटच्या रकान्यात यादीचा भाग आणि अनुक्रमांक. तो भरला गेला की ते काम संपले. अर्ज नामंजूर झाला तर कारण विचारावे. कागद अस्पष्ट होता किंवा घरी कोणी नव्हते, तर पुन्हा अर्ज करणे जलद पडते. निर्णयच चुकीचा वाटत असेल तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील आणि त्यांच्या निर्णयावर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील करता येते. हे दिवस वहीत मोजले गेले नाहीत तर हा हक्क कागदावरच राहतो.

नमुना ७ शिबिराच्या टेबलावर ठेवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो दुसऱ्याच्या नावावर हरकत घेण्याचा किंवा नाव वगळण्याचा अर्ज. घरातले आजोबा वारले आणि घरच्यांनीच मृत्यूदाखला जोडून तो दिला, तर योग्यच. त्यांना निवडणूक शाखेचा रस्ता दाखवावा. पण ‘हे लोक आता इथे राहत नाहीत’ असे स्वयंसेवकाने ठरवून अर्ज करणे फार धोक्याचे आहे. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे चार-पाच महिने गावात नसतात. कलम २० स्पष्ट सांगते की तात्पुरते बाहेर गेल्याने माणूस तिथला रहिवासी राहत नाही असे होत नाही. कुलूप बघून काढलेला निष्कर्ष त्यांच्या मतावर येतो. उलट बाजूही तेवढीच खरी : नुसते घर किंवा फ्लॅट नावावर आहे म्हणून तिथे मतदार होता येत नाही, राहणे महत्त्वाचे. वसतिगृहातला विद्यार्थी घरचा पत्ता ठेवू शकतो किंवा संस्थाप्रमुखांचे प्रमाणपत्र जोडून वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदणी करू शकतो. दोन्हीकडे मात्र नाही.

मुदतीचा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत उभा राहतो. निवडणूक जाहीर झाल्यावर लोक धावतात. उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत बदल करता येत नाही, आणि अर्ज त्याच्या साधारण दहा दिवस आधी यायला हवा, नाही तर पडताळणी आणि हरकतींचे सात दिवस बसतच नाहीत. महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषदेचे आणखी वेगळे. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण स्वतः नवी नावे घालत नाही. ठरवून दिलेल्या दिवसाची विधानसभेची यादी घेऊन तिचे प्रभागांत विभाजन करतो. अलीकडच्या स्थानिक निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली गेली. त्यानंतर विधानसभा यादीत नाव आलेला माणूस ‘माझ्याकडे नवे कार्ड आहे’ म्हणत केंद्रावर गेला तरी उपयोग नव्हता. प्रभाग यादीवरच्या हरकतींत चुकलेला प्रभाग किंवा लेखनातली चूक दुरुस्त होते, नवीन नाव लागत नाही. हे न सांगता ‘महापालिकेसाठी नावनोंदणी’ असा फलक लावणे ही लोकांची दिशाभूल आहे. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची यादी तर पूर्ण निराळी, नमुना १८ आणि १९ ची, आणि दर निवडणुकीआधी नव्याने केली जाते. विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे संपूर्ण यादीची घरोघरी जाऊन होणारी तपासणी, चालू असेल तेव्हा कागद आणि मुदती बदलतात. त्या वेळी आयोगाचे चालू पत्रक वाचल्याशिवाय टेबल मांडू नये.

प्रशिक्षणाला आमच्या अनुभवाने एक पूर्ण दिवस आणि एक अर्धा दिवस पुरतो. एका तुकडीत वीसपेक्षा जास्त नकोत. प्रत्येकाला नमुना ६ च्या आणि ८ च्या पाच-पाच कोऱ्या प्रती. सकाळी नियम, पण दोन तासांच्या वर नाही. मग बारा काल्पनिक माणसांच्या चिठ्ठ्या : एप्रिलमध्ये जन्मलेली मुलगी, शेजारच्या तालुक्यातून आलेली सून, नोटरी करारवाला भाडेकरू, पालावरचे जोडपे, नावातला ळ हरवलेल्या आजी, वसतिगृहातला विद्यार्थी, वडिलांचे नाव यादीतून काढायला आलेला मुलगा. कोणता नमुना, कोणता कागद, कोणता पात्रता दिनांक हे ठरवून अर्ज भरायचा, मग शेजाऱ्याशी अदलाबदल करून अधिकाऱ्याच्या नजरेने चुका काढायच्या. बारापैकी दहा बरोबर आले त्यांनी टेबलावर बसावे. बाकीच्यांनी रांगेत कागद बघण्याचे, नाव शोधण्याचे काम घ्यावे आणि पुढच्या वेळी पुन्हा परीक्षा द्यावी. दुसरा अर्धा दिवस एका बीएलओबरोबर यादीचा एक भाग घेऊन गल्लीत फिरण्यासाठी. छापील यादीतला क्रम आणि प्रत्यक्षातली घरे यांत किती फरक असतो, ते चालल्याशिवाय कळत नाही.

टेबलावर पक्षाचे चिन्ह, बिल्ला, टोपी नको, आणि कोणाला मत देणार हा प्रश्न गमतीतही विचारू नये. जो पक्षाचा प्रतिनिधी म्हणून नेमला गेला आहे त्याने तसे उघड सांगून आपल्या नियमांनी काम करावे.

आमची मागणी दोन ठिकाणी आहे. प्रत्येक तहसीलच्या निवडणूक शाखेने चारही पात्रता दिनांकांच्या महिनाभर आधी स्वयंसेवकांसाठी असे प्रशिक्षण ठेवावे आणि ज्यांनी ते केले त्यांच्याच शिबिराला बीएलओ द्यावेत. आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी शिबिराची बातमी छापताना आयोजकांकडून दुसऱ्या आकड्याचे वचन घ्यावे. दोन महिन्यांनी फोन करून विचारावे की त्या दिवशीच्या अर्जांपैकी किती जणांना यादीतला भाग आणि अनुक्रमांक मिळाला, आणि तो आकडाही तेवढ्याच जागेत छापावा.

आपले,
मतदार नोंदणी स्वयंसेवकांना प्रशिक्षण देणारे कार्यकर्ते